गोन्ताची बहीण

या, अशा पुढे सरका. दार नीट लोटून घ्या, वारा आत शिरला की शेगडी रुसते. प्रवचनाला जाऊन मागच्या खांबाला टेकून पेंगणारे कोणी असतील तर त्यांनी अगदी पुढ्यात येऊन बसावं, कारण ही गोष्ट खास त्यांच्यासाठी आहे. गोष्ट एका घोडीची. म्हणायला घोडीची हो. ती बिचारी पहिल्यापासून शेवटपर्यंत एक अक्षर बोलली नाही. बोलली ती माणसं. आणि माणसं बोलायला लागली की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

आपल्या तोकाचीच्या माळावर, जिथे बटाटा आणि घेवडा पिकतो आणि निम्मं वर्ष जमीन पांढरी असते, तिथे किनुए मिनावा नावाची बाई राहते. सत्तरीला टेकलेली, विधवा, पाठ ताठ, जीभ त्याहून ताठ. किनुएबाईंना जगात दोघांबद्दलच आदर. एक अमिदा बुद्ध, आणि दुसरं ओझं ओढणारं जनावर. बाकी सगळ्यांकडे त्या नाकाच्या शेंड्यावरून बघायच्या, आणि नाकही देवाने त्या कामासाठीच पुरेसं लांब दिलेलं.

आपल्याकडच्या शर्यतीचा घोडा पळत नाही, ओढतो. जेमतेम तट्टाएवढी बुद्धी आणि खोलीएवढं शरीर, मागे लोखंडी स्लेज, म्हणजे बिनचाकाची घसरगाडी, स्लेजवर वजनं, वजनांवर उभा सारथी. वाटेत वाळूचे दोन उंचवटे. पहिला लहान. दुसरा म्हणजे साक्षात यम. त्या दुसऱ्याच्या पायथ्याशी घोडा थांबवायचा, त्याला पोटभर श्वास घेऊ द्यायचा आणि मग एका दमात वर चढवायचा, ही रीत. न थांबणाऱ्या घोड्याला आपल्याकडे मूर्ख म्हणतात. आणि थांबून पुन्हा न निघणाऱ्याला म्हणतात चोर.

दोन वर्षांच्या घोड्यांची वसंतात परीक्षा होते, दोन-तीन खेपांत. ठरल्या वेळेत रेषा गाठून पास झाला तो शर्यतीचा. नापास झाला त्याला ‘जाड व्हायला’ पाठवतात. तो आल्याच्या किसाबरोबर ताटात परत येतो तेव्हा त्याचं नाव विचारायची रीत नाही.

किनुएबाईंच्या घोडीचं पहिलं शिंगरू गोन्ता. ते असंच जाड व्हायला गेलं. दुसऱ्या उंचवट्यापाशी थांबलं ते थांबलंच. सारथ्याने लगाम झटकले, लोक कुंपणाशी ओरडले, गोन्ता घामाने निथळत उभा. ‘चोर!’ म्हणाले लोक. ‘खानदानी चोर!’ म्हणाल्या किनुएबाई, आणि त्यांचा आवाज सगळ्यात मोठा होता, कारण लाज त्यांची गेली होती. पागेत तर त्याच्यावर एक विनोद अजून चालतो. गोन्ता मुतायचा ते काळपट, सोया सॉससारखं. ‘भावजी, परीक्षेत नाही चालला तर बाटल्या भरून विका,’ असं किनुएबाईच पागा चालवणाऱ्या दिराला म्हणाल्या होत्या. पागा खो खो हसली होती. चांगला विनोद असला की माणसं तो जपून ठेवतात, लोणच्यासारखा.

आता गोन्ताची धाकटी बहीण परीक्षेला आली होती. भाजलेल्या सोयाबीनच्या पिठाच्या रंगाची, म्हणून नाव किनाको.

किनाको ओबिहिरो शहरातल्या शर्यतीच्या मैदानाला लागून असलेल्या पागेत होती, आणि ती पागा किनुएबाईंच्या दिराची, तोकुमासाची. हा तोकुमासा म्हणजे एक चीजच. गळ्यात रुमाल, तोंडात दातकोरणं आणि भिंतीवर फळी. त्या फळीवर डबे, पुड्या, बाटल्या. देवघरात बुद्धाच्या मूर्तीवर धूळ होती, पण फळीवरच्या डब्यांवर धुळीचा कण सापडला असता तर बक्षीस. सगळ्यात मधोमध ‘राइजिन’ नावाच्या पावडरीचा डबा. त्यावर ढोल बडवून गडगडाट करणाऱ्या विजेच्या देवाचं चित्र, दंडाच्या बेटकुळ्या अशा की ढोल वाजवायला हात वाकायचा नाही. खाली मोठ्या अक्षरांत: ‘तरुण अश्वाच्या स्नायूंत वीज भरा!’

‘वहिनी, वास घ्या,’ तोकुमासा म्हणाला. झाकण उघडून त्याने डबा किनुएबाईंच्या नाकाखाली धरला.

किनुएबाईंनी वास घेतला. ‘केक.’

‘केक नाही. विज्ञान.’

‘विज्ञानाला व्हॅनिलाचा वास येतो होय? मला ठाऊक नव्हतं.’

‘तुम्हाला नाही कळायचं. स्नायूला इंधन लागतं. इंधन दिलं की स्नायू पेटतो. कोणीही सांगेल.’

‘कोणीही म्हणजे तो विकणारा?’

‘तो स्वतः खातो!’ तोकुमासा छाती काढून म्हणाला. ‘मीसुद्धा रोज सकाळी कॉफीत एक चमचा.’

‘दिसतंच आहे,’ किनुएबाई म्हणाल्या. माळ्यावरून गवत काढायला तोकुमासा शिडीच्या मधल्या पायरीवर बसून दम खायचा, हे सगळ्या ओबिहिरोला माहीत होतं. ‘विजेचा देव निम्म्या शिडीवर धापा टाकतोय.’

पण गंमत बघा. किनुएबाईंनी पावडरीला नावं ठेवली, आणि पावडर किनाकोच्या गव्हाणीत पडू दिली. का? तर परीक्षा जवळ आलेली. तिरस्कार एका खिशात आणि आशा दुसऱ्या खिशात, अशी माणसं फार. शिजवलेला सातू, त्यावर काकवी, त्यावर राइजिन. किनाको ओठ चाटून चाटून खायची. गोड कोणाला आवडत नाही?

सकाळी, सूर्य वर यायच्या आत, सराव असतो. त्या गारठ्यात घोड्यांच्या अंगांतून वाफ निघते, नाकपुड्यांतून वाफ निघते, आणि धुक्यातून नुसता लोखंडाचा घासण्याचा आवाज येतो. पाहणाऱ्याने हात जोडावेत असा देखावा. किनुएबाई हात खिशात घालून बघत होत्या.

किनाकोने पहिला उंचवटा सहज पार केला. दुसऱ्यापाशी सारथ्याने थांबवली. रीतच ती. किनाको फुरफुरली, पोट आत-बाहेर झालं. सारथ्याने लगाम उचलले. किनाको निघेना.

‘हो!’

निघेना.

पुढचे पाय ती पुढे टाकत होती, पण मागचा भाग जणू कोणी जमिनीत पुरला होता. मानेवर घाम, छातीवर घाम, आणि पुठ्ठ्यांवर अशी थरथर की झूल हलावी.

‘झालं!’ तोकुमासाने दातकोरणं थुंकलं. ‘भाऊ तशी बहीण. वहिनी, तुमच्या घोडीच्या पोटी चोरच निपजतात.’

हे दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर किनुएबाईंनी त्याला तिथेच फाडला असता. पण घोडीवरचा राग दिरावरच्या रागापेक्षा मोठा निघाला. कुंपणाला धरून त्या ओरडल्या, ‘ए चोरटे! खायला पुढे, ओढायला मागे! भावाने तोंड काळं केलं ते पुरे नाही झालं?’

किनाकोचे कान त्यांच्या आवाजाकडे वळले. तिने शिंगरू असल्यापासून तो आवाज ओळखलेला. पाय मात्र वळले नाहीत.

तोकुमासाने उपाय केला. उपाय म्हणजे काय, राइजिन दुप्पट. शिवाय दुसऱ्या दिवशी पूर्ण सुटी. ‘थकली असेल. उभी राहू दे, पोटभर खाऊ दे. परवा बघा, रॉकेट.’ आपल्या पागांतली ही जुनी रीत आहे: थांबलेल्या घोड्याला एक दिवस सुट्टी, गव्हाण काठोकाठ भरलेली. मायाच ती. आणि परवा रॉकेट पहिल्या उंचवट्यावरच विझलं.

दरम्यान देवळात वसंतातल्या विषुवदिनाचा सोहळा आला. समुद्रापलीकडून एक म्हातारे प्रवचनकार आले होते, गाऊन सांगणारे. आता अशी माणसं फार उरली नाहीत. कापऱ्या आवाजात ते सुरू करायचे आणि मध्येच असा सूर लावायचे की छपरावरचा बर्फही कान देऊन ऐकेल. त्या दिवशी त्यांनी ओझ्याचं निरूपण केलं. बुद्ध वाटेवर उभा आहे, लोक डोक्यावर ओझी घेऊन चालले आहेत. ताकदवान पुढे गेले, हुशार पुढे गेले, पुण्यवान तर पळतच गेले. शेवटी एक जण वाटेत बसून राहिलेला. लोक म्हणतात, आळशी आहे. आणि बुद्ध? प्रवचनकारांनी डोळे मिटले, सूर खाली आणला:

‘चालणाऱ्यांना माझी काय गरज? ज्याला उठवत नाही त्याच्यासाठीच तर मी निघालो…’

देऊळ हुंदक्यांनी भरलं. किनुएबाईंचा रुमाल भिजून चिंब झाला. ‘नामु अमिदा बुत्सु, नामु अमिदा बुत्सु.’ रडताना त्या फार सुंदर दिसत, असं त्यांचा नवरा म्हणायचा.

मग सगळ्या बाया देवळाच्या स्वयंपाकघरात जमल्या, मुळ्याचं लोणचं कापायला आणि चहा ओतायला. कोणीतरी विचारलं, ‘किनुएबाई, यंदा घोडीचं काय?’

‘काय व्हायचंय? आमच्याकडे पण एक आहे वाटेत बसणारी,’ किनुएबाई सुरी चालवत म्हणाल्या. ‘पण बुद्ध नाही येणार तिला न्यायला. ट्रक येईल.’

सगळ्या हसल्या. रुमाल अजून ओला होता हो! म्हणून म्हटलं, पेंगणाऱ्यांनी पुढे बसावं. पेंगणारा बरा, त्याने निदान ऐकलंच नाही. ऐकून रडून घरी गेलेल्याचं काय करायचं?

देवळातून परतताना किनुएबाई पागेवर गेल्या. आदल्या दिवशी पुन्हा सुटी झाली होती, आणि सकाळचा सराव किनाकोने अर्ध्यावरच सोडला होता. तोकुमासा कुठेतरी दात कोरत बसला असावा. किनाको आपल्या जागी उभी होती, मान खाली, पोट आत ओढलेलं. किनुएबाईंनी सवयीने खरारा उचलला. आणि पुठ्ठ्यावर हात ठेवला तर हाताला घोडं लागेचना. लाकूड लागलं. ओंडका असतो ना, तसं टणक. दाबलं तर किनाको कण्हली. घोडं कण्हताना तुम्ही ऐकलंय? माणसासारखं कण्हतं.

मग तिने पाय फाकवले आणि कष्टाने मुतली. खालचा पेंढा काळपट झाला.

सोया सॉस.

किनुएबाई त्या पेंढ्याकडे बघत उभ्या राहिल्या. हसू आलं नाही. विनोद तोच होता, जपून ठेवलेला, पण हसू येईना.

त्यांनी जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. डॉक्टर म्हणजे नागोशी नावाची तरुण बाई, दक्षिणेतून नुकतीच आलेली. तिच्या बोलण्यातल्या हेलांची पागेत नक्कल व्हायची आणि तिच्या स्वच्छ बुटांची टवाळी. ‘मांजरांना लस टोचणारी’ असं नाव किनुएबाईंनीच ठेवलं होतं. नावं ठेवण्यात त्यांचा हात कोण धरणार?

नागोशीने घोडीचे पुठ्ठे दाबले, पेंढा हातात घेऊन वास घेतला, रक्त काढलं. मग फळीकडे गेली, राइजिनचा डबा उलटा केला आणि मागची बारीक अक्षरं वाचली.

‘हे रोज देता?’

‘दुप्पट!’ दारातून तोकुमासा अभिमानाने म्हणाला. पुड्यांचा वास लागला की तो हजर.

‘साखर, स्टार्च, थोडी जीवनसत्त्वं आणि सुगंध,’ नागोशी म्हणाली. ‘हा केकच आहे.’

किनुएबाईंना एरवी केवढा आनंद झाला असता! त्यांनी तोकुमासाकडे बघितलंही नाही. ‘हिला काय झालंय ते बोला.’

नागोशीने डबा खाली ठेवला. ‘घोड्याचा स्नायू कोठारासारखा असतो. खाल्लेलं गोड आणि पिठूळ तो साठवून ठेवतो आणि ओढायची वेळ आली की त्यातलं काढून जाळतो. हिच्या कोठारात माल नुसता आत जातोय, असा वेडावाकडा रचला जातोय की बाहेर निघत नाही. कोठार गच्च आणि चूल विझलेली. तुम्ही वरून आणखी पोती टाकताय.’

‘पण सुटी दिली होती की!’ तोकुमासा म्हणाला.

‘सुटीच घात करते. पोटभर पीठ खाऊन दिवसभर उभी राहिली की दुसऱ्या दिवशी पहिल्या ओढीलाच स्नायू आखडतात. आखडून फुटतात. त्यांचा रंग लघवीतून बाहेर पडतो.’

‘मग काय, उपाशी ठेवून पळवायची?’

‘गवत द्या. सातू, काकवी, पावडर बंद. आखडलेलं सुटलं की रोज चालवायची, एक दिवससुद्धा चुकवायचा नाही. आणि हळूहळू तेल सुरू करा. चरबीचं जळण दुसऱ्या वाटेने जातं, ती वाट हिची उघडी आहे.’

तोकुमासा इतका हसला की त्याचं दातकोरणं पडलं. ‘ऐकलंत वहिनी? विश्रांती वाईट आणि वंगण चांगलं! पोरी, ही घोडी आहे, सायकलची साखळी नाही. तळणीत सोडायला काय तेंपुरा करायचाय हिचा?’

‘नाही केलं तर तोच होईल,’ नागोशी हळूच म्हणाली.

किनुएबाईंनी एकच प्रश्न विचारला, आणि तो विचारताना त्यांनी डॉक्टरच्या स्वच्छ बुटांकडे बघितलं, चेहऱ्याकडे नाही. ‘ही चोरी करत नव्हती?’

‘चोरी?’

‘थांबून निघत नव्हती ते.’

‘निघता येत नव्हतं तिला, बाई. जागची हलली असती तर दुखून कोसळली असती. बाकीच्या ठिकाणी घोडा अचानक थांबला की लोक लगेच घाबरतात. तुमच्या शर्यतीत थांबणं रीतीतच आहे, त्यामुळे कोणाला कळत नाही.’

‘आणि हिचा भाऊ? तोसुद्धा असाच थांबला. त्याचंही…’ किनुएबाईंनी काळ्या पेंढ्याकडे बोट केलं. ‘असंच.’

नागोशीने केस उपटायला किनाकोची शेपटी हातात घेतली होती, तपासणीला पाठवायला. ‘मी त्याला पाहिलेलं नाही. पण हे रक्तातून येतं. आईकडून, नाहीतर बापाकडून.’

‘आई धडधाकट आहे. माझ्याकडेच आहे.’

‘काय खाते?’

‘गवत. दुसरं काय देणार? रोज जंगलातून लाकडं ओढते, हिवाळ्यात चारा ओढते. तिला कधी सुट्टी—’ किनुएबाई बोलता बोलता थांबल्या. आईला आयुष्यात सुट्टी मिळाली नव्हती आणि गोड मिळालं नव्हतं. म्हणून तिचं दुखणं कोणाला दिसलंच नाही. मुलांवर माया केली. त्यांना पागेत पाठवलं, काकवी चारली, पुड्या चारल्या, सुट्ट्या दिल्या.

केसांचा अहवाल नंतर आला आणि त्यात नागोशी म्हणाली तेच होतं. पण किनुएबाईंना अहवालाची वाट बघायची नव्हती. त्यांनी त्याच संध्याकाळी फळीवरचा राइजिनचा डबा काढला आणि पागेमागच्या उकिरड्यावर उलटा केला. बर्फावर पिवळसर डाग पडला. कावळे आले, चोच लावून बघितलं, आणि उडून गेले. कावळ्यांची अक्कल बघा.

‘वहिनी!’ तोकुमासा किंचाळला. ‘माझं विज्ञान!’

‘उकिरड्यावर उगवेल की, वीज भरलीय त्यात. भावजी, घोडी माझ्या नावावर आहे. उद्यापासून हिच्या गव्हाणीत माझा हात. तुमचा हात दिसला तर दातकोरण्यासकट मोडीन.’

‘पहिली परीक्षा तर आता हुकणारच ना! मग शेवटचीच उरते. तीही गेली तर?’

‘मग ट्रक. मला ठाऊक आहे काय येतं ते. मागल्या वेळी मीच हात केला होता त्याला.’

तेव्हापासून रोज सकाळी किनुएबाई पागेवर. घोडीचे पुठ्ठे मऊ पडेपर्यंत त्यांनी तिला हलवली नाही. मग दोरी धरून मैदानाभोवती चालवायला सुरुवात केली. आधी थोडं, मग थोडं जास्त. वारा असो, चिखल असो, बर्फ वितळून गुडघाभर राडा असो. गवतात तेल मिसळायच्या. किनाकोला पहिल्यांदा वास आवडला नाही, तिने ओठ वर करून दात दाखवले. ‘हस, हस,’ किनुएबाई म्हणाल्या. ‘सगळं मैदान हसतंय, तूही हस.’ कारण मैदान हसत होतंच. म्हातारी घोडीला फिरवते, का घोडी म्हातारीला? तेंपुराची घोडी निघाली फिरायला, अशी आरोळी रोज कुंपणापलीकडून यायची. तोकुमासाच ती सुरू करायचा.

किनुएबाईंनी आयुष्यभर इतरांकडे तुच्छतेने बघितलं होतं. दुसऱ्या बाजूने बघणं कसं असतं ते आता त्यांना रोज दिसत होतं. त्यांच्याकडे उत्तरं नव्हती असं नाही. एकेक अशी चमचमीत होती की आरोळी देणाऱ्याला आठवडाभर झोप आली नसती. पण त्या गिळून टाकायच्या. गोन्तालाही उत्तर देता आलं नव्हतं.

शेवटच्या परीक्षेच्या दिवशी ऊन पडलं होतं. कुंपणाला माणसं लागली. आपल्याकडे लोक घोड्याबरोबर कुंपणाकडेने चालत जातात, त्याच्या चालीनेच, ओरडत. किनाको सुटली. पहिला उंचवटा गेला. बाकीचे घोडे पुढे झाले, दुसऱ्यापाशी थांबले, दम घेऊन एकेक वर गेले.

किनाको पायथ्याशी आली. थांबली.

सारथ्याने लगाम उचलला. किनाको निघाली नाही.

‘संपलं,’ तोकुमासा मोठ्याने म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. ‘रक्त कुठे जातंय? चोर ते चोर.’

‘ओरडा ना, किनुएबाई!’ बाजूची एक देवळातली बाई म्हणाली. ‘तुमचा आवाज ऐकून तरी हलेल.’

किनुएबाईंनी तोंड उघडलं. मिटलं. त्या घोडीच्या मागच्या पायांकडे बघत होत्या. थरथर नव्हती. घामाचा लोट नव्हता. पोट आत-बाहेर होत होतं, नुसता श्वास. घोडी पुरून ठेवलेली नव्हती, ती थांबली होती. थांबलेलं आणि अडकलेलं, यातला फरक आता त्यांना दिसत होता, आणि तो न ओळखता त्यांनी एकाला ट्रकमध्ये चढवलं होतं.

‘घेऊ दे तिला दम,’ त्या म्हणाल्या. सारथ्याला नाही, कुंपणाला. ‘घेऊ दे. कोणी ओरडू नका.’

कोणी ओरडलं नाही. किनुएबाईंनी असं हळू आवाजात काही सांगितलेलं कोणी कधी ऐकलं नव्हतं, त्या धक्क्यानेच सगळे गप्प झाले असतील.

किनाकोने मान झटकली. कान पुढे केले. मग पुठ्ठे खाली बसवून तिने जू खांद्यावर घेतलं आणि वर निघाली. वाळू मागे उडाली. मध्यावर एकदा स्लेज अडली. ती गुडघ्यावर आली, उठली, पुन्हा लागली. माथ्यावर पोहोचली तेव्हा बाकी घोडे रेषेपलीकडे जाऊन शांतही झाले होते. किनाको सगळ्यात शेवटी आली. पण वेळेत आली. पास.

मैदानात टाळ्या झाल्या. तोकुमासा दोन्ही हात वर करून पुढे धावला. ‘सांगितलं नव्हतं? आधीचं राइजिन अंगात मुरलं होतं! वेळ लागतो, वेळ! विज्ञानाला वेळ द्यावा लागतो!’ आणि तो बाजूच्या पागेवाल्याला डब्याचा पत्ता सांगायला लागला. दातकोरणं तोंडात परत आलं होतं.

किनुएबाईंनी त्याच्याकडे बघितलं. इतकी तयार उत्तरं ओठांवर आली होती की आपल्या गावाला पुढच्या हिवाळ्यापर्यंत पुरली असती. पण त्या किनाकोकडे वळल्या. किनाकोच्या पुठ्ठ्यावर हात ठेवला. मऊ होता, गरम होता, जिवंत होता. आणि तिथेच, सगळ्यांदेखत, रुमाल न शोधता त्या रडल्या. त्या वेळी त्या मुळीच सुंदर दिसत नव्हत्या, नाक वाहत होतं. देवळातल्या बाया बघत राहिल्या.

मैदानातून गावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, पॉपलरच्या झाडाखाली, घोड्याचं मस्तक धारण केलेल्या करुणेच्या देवतेचा, कान्नोन मातेचा, दगड आहे. त्यावर घोड्यांची नावं कोरतात, राबून राबून मेलेल्या घोड्यांची. जाड व्हायला गेलेल्यांची कोरत नाहीत, आणि चोरांची तर नाहीच. गोन्ताचं नाव कोराल का, असं किनुएबाईंनी देवळाच्या कारभाऱ्यांना विचारून बघितलं. ते हसले. ‘सोया सॉसचं नाव? कान्नोनच्या दगडावर? बाई, उद्या तेंपुराचंही कोराल.’ विनोद त्यांच्यापर्यंतही पोहोचला होता, जपून ठेवलेला, आंबलेला. आणि तो कोणी रचला ते किनुएबाईंना त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

म्हणून दगडावर ते नाव नाही. किनाको अजून धावते, म्हणजे ओढते. कधी जिंकते, बहुतेक वेळा हरते, तेल खाते आणि सुटी घेत नाही. तिच्या शर्यतीच्या दिवशी किनुएबाई त्या दगडापाशी मूठभर गवत ठेवून उभ्या राहतात.

तेव्हा तुम्ही आता उठाल, बूट घालाल, घरी जाल. वाटेत तो दगड लागेलच. प्रवचन ऐकून डोळे पुसले असतील तर पुसू दे, पण तिथून पुढे जाताना क्षणभर थांबा, दम घ्या, रीतच आहे आपली. आणि जे नाव त्यावर नाही ते मनातल्या मनात घ्या. गोन्ता. सोयाबीनच्या रंगाच्या घोडीचा मोठा भाऊ. तो चोर नव्हता. एवढं लक्षात ठेवा त्याचं.